मराठी सिनेमावाल्यांनो, आमच्या पोरांच्या हातातला फोन तुमच्या पिच्चरमध्ये कधी येणार?

मराठी चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक, पटकथा लिहिणारे आणि या धंद्यात पैसा लावणारे, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नववी-दहावीला मराठी शिकवते. सिनेमाच्या लाइनशी माझा काही संबंध नाही, पण ज्या वयाच्या पोरापोरींवर तुम्ही पिच्चर काढता त्या वयाची पोरं रोज अकरा ते पाच माझ्यासमोर बसलेली असतात, त्यामुळे एक गोष्ट तुम्हाला सांगायचा मला हक्क आहे असं वाटतं.

आज जे पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं आहे ना, त्याच्यावर मराठीत धड पिच्चरच नाहीये. त्या वयावर आहेत, भरपूर आहेत आणि एकापेक्षा एक आहेत, पण ते तुमच्या चौदाव्या वर्षावर आहेत, त्याच्या नाहीत. शाळा आणीबाणीच्या काळातला. बालक-पालक ऐंशीच्या दशकातला, चाळीतला, व्हीसीआरवाला. २०२३ चा आत्मपॅम्फ्लेट बर्लिनपर्यंत जाऊन आला, त्यातलं शाळकरी प्रेमही परत ऐंशी-नव्वदच्या दशकातलंच. मला हे तिन्ही पिच्चर मनापासून आवडतात. शाळा तर मी वर्गात दाखवला, पोरांनी एकदम शांत बसून बघितला आणि संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला की मॅडम, मग जोशीनं शिरोडकरचा नंबर का नाही घेऊन ठेवला? वर्ग हसला, मला नाही हसू आलं, कारण त्या पोराला खरंच कळलेलं नव्हतं. आवडलेली मुलगी गाव सोडून जाते आणि मग तिच्याशी बोलायचा कुठलाच रस्ता उरत नाही हे दुःख त्यानं कधी बघितलेलंच नाही. त्याचं दुःख वेगळंय. त्याच्याकडे नंबर आहे, तिचा डीपी दिसतोय, ती ऑनलाइन आहे हे पण दिसतंय, आणि ती उत्तर देत नाहीये. हे दुःख शिरोडकर गाव सोडून गेल्याच्या दुःखापेक्षा छोटं आहे असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. पण त्याचा पिच्चर कुठाय?

नागराज मंजुळेंचं नाव इथं घ्यायलाच पाहिजे कारण त्यांनी हे काम सुरू केलं होतं. फँड्रीत मोबाईल आहे, आणि तो गोष्टीतल्या मुलाच्या, जब्याच्या हातात नाही, त्याच्या घरच्यांची डुक्कर पकडताना होणारी फरफट बघत मजा घेणाऱ्या पोरांच्या हातात आहे. तेवढ्यावरून कळतं की त्या गावात फोन कुणाच्या बाजूनं आहे. आणि सैराटमध्ये तर आर्ची सगळं मागे टाकून हैदराबादला संसार थाटते, लेकरू होतं, मग न राहवून आईला एक फोन करते, आणि त्या फोननंतर दारात कोण येऊन उभं राहतं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. फोन हे नुसतं बोलायचं साधन नाही, त्यावरून माणसाचा पत्ता लागतो, हे त्या पिच्चरनं शेवटच्या पंधरा मिनिटांत जे सांगितलं ते शंभर व्याख्यानांत सांगून झालं नसतं. पण सैराट आला २९ एप्रिल २०१६ ला. आणि जिओ सुरू झालं त्याच वर्षी ५ सप्टेंबरला. मधे चार महिने. त्या चार महिन्यांनंतर आमच्या तालुक्यातली पोरं जी बदलली ना, ते बघणारा तसा पिच्चर मग आलाच नाही. काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही, हॉस्टेलवरचे विनोदी पिच्चर आले, नाशिकच्या पोरांचा यंग्राड आला, पण मी काय म्हणतेय ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता या आठ-दहा वर्षांत काय काय झालं ते बघा. आधी डेटा स्वस्त झाला. मग टिकटॉक आलं आणि गावागावातली पोरं, ज्यांना गॅदरिंगला कुणी पुढच्या रांगेत उभं करत नव्हतं अशी पोरं, एकदम हजारो लोकांना माहीत झाली. मग २९ जून २०२० ला ते बंद झालं. ज्या पोराचे वीस-तीस हजार फॉलोअर एका रात्रीत गेले त्याच्या घरात त्या दिवशी काय झालं असेल? घरच्यांना तर कळलंच नसेल की काहीतरी गेलंय. हा पिच्चर कुणी काढला? मग लॉकडाऊनची शाळा. घरात एकच फोन, तो पण बापाचा, बाप कामावर गेला की शाळा बंद, भाऊ-बहिणीत कुणाचा तास महत्त्वाचा यावरून भांडणं, रेंज मिळावी म्हणून कोकणात पोरं डोंगरावर जाऊन बसली होती. आणि त्याच्यापुढची गोष्ट, २०२१ ची दहावी. परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतलं मूल्यमापन धरून निकाल लागला, ९९.९५ टक्के. बोर्डाच्या इतिहासात एवढा निकाल कधी लागला नव्हता आणि एवढा उदास निकालही कधी लागला नव्हता. त्या बॅचची मुलं आजही म्हणतात की आम्हाला लोक कोरोना बॅच म्हणून चिडवतात, तुमचं काय बाबा, फुकट पास. २००२ ला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दहावी फ काढला होता, नापास ठरवलेल्या तुकडीवर. सगळेच्या सगळे पास झालेल्या आणि तरी कुणाला आनंद न झालेल्या बॅचवर कुणी का काढत नाही?

बालक-पालककडे परत येते, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. तो पिच्चर विनोदी म्हणून चालला पण त्याचा विषय खरं तर तंत्रज्ञानच आहे. घरात व्हीसीआर आणता येतो, कॅसेट भाड्यानं मिळते, आणि त्यामुळे मोठ्यांनी जे झाकून ठेवलंय ते पोरांच्या हाती लागतं, आणि मग मोठे आणि लहान दोघेही गोंधळतात. किती चांगला विषय, आणि रवी जाधवांनी किती समजून केला. पण तो आला २०१३ च्या जानेवारीत. म्हणजे जे ऐंशीच्या दशकात घडलं ते पडद्यावर यायला पाव शतकापेक्षा जास्त गेलं, तोवर ती पोरं स्वतः आईबाप झाली होती. त्याच हिशेबानं गेलं तर आज माझ्या वर्गात जे चाललंय ते तुम्ही २०५० च्या आसपास दाखवणार, सुंदर पिवळसर उजेडात, जुने अँड्रॉइड फोन शोधून आणून, आणि लोक थिएटरात म्हणणार अरे हो, आमच्याकडे पण हाच होता. मला तो पिच्चर तेव्हा नको, आत्ता पाहिजे. ज्यांच्यावर बेतलाय त्यांना तो अजून उपयोगी पडतोय तोवर पाहिजे.

तंत्रज्ञान तुम्हाला परकं आहे असंही नाही ना. मराठी माणसाच्या सिनेमाची सुरुवातच त्यातून झालीय. फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते एकेक फ्रेम घेत टिपलं आणि ते दाखवून पैसा उभा केला. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः तयार केला, विकत आणला नाही, तयार केला, आणि १९२० ला सैरंध्री काढला. आणि आत्ताच्या काळातही तुम्ही मागे नाही. पूर्वी प्रिंटच्या पेट्या यायच्या, पुण्यामुंबईत चालून घासलेली प्रिंट आमच्या टॉकीजला कधीतरी उशिरा लागायची, आता सॅटेलाइटवरनं पिच्चर येतो, पुण्याला ज्या शुक्रवारी त्याच शुक्रवारी आमच्याकडे. सैराटच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेऊन आले. म्हणजे कॅमेरा बदलला, एडिटिंग बदललं, आवाज बदलला, पिच्चर पोचवायची पद्धत बदलली, फक्त गोष्टीतलं पोरगं तेवढं अजून चिठ्ठीच पाठवतंय.

यावर तुमच्यातल्या एकदोघांचं म्हणणं मी मुलाखतींमध्ये ऐकलंय की फोनच्या स्क्रीनकडे बघत बसलेलं माणूस पडद्यावर कंटाळवाणं दिसतं आणि फोनमुळे गोष्टीतली गंमतच जाते, गैरसमज होत नाहीत, ताटातूट होत नाही, वाट बघणं राहत नाही. मला हे अजिबात पटत नाही. वाट बघणं राहत नाही? अहो नाव वर, त्याच्याखाली टायपिंग असं दिसतं, मग जातं, मग परत येतं, परत जातं, आणि शेवटी काहीच येत नाही, हे ज्यानं रात्री पांघरुणात बघितलंय त्याला विचारा वाट बघणं म्हणजे काय. आणि गैरसमजाचं म्हणाल तर एका नुसत्या टिंबावरून, एका उजव्या-डाव्या इमोजीवरून आमच्याकडे वर्गाचे दोन तट पडतात आणि आम्हा शिक्षकांना तीन दिवस कळतच नाही की काय झालंय.

२०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर ब्रिटनची अ‍ॅडोलसन्स ही मालिका आली, तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो त्याची. सिनेमा नाही ती, चार भागांची मालिका आहे, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलेला, तांत्रिक बाजूनं पण थक्क व्हायला होतं. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते त्यातलं साधं बोलणं. तपास करणारा पोलीस अधिकारी शाळेत जातो, मुलामुलीच्या इन्स्टाच्या कमेंट्स त्यानं वाचलेल्या असतात आणि त्याला वाटत असतं की दोघांची मैत्री होती. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत असतो, तो बापाला बाजूला घेऊन समजावतो की बाबा, या इमोजींचा अर्थ तसा नाहीये, ती त्याला टोचत होती. म्हणजे अख्खं पोलीस खातं पुरावा समोर ठेवून बसलंय आणि कुणाला वाचताच येत नाहीये. त्या मालिकेनंतर तिथल्या पंतप्रधानांनी ती शाळांमध्ये फुकट दाखवायला पाठिंबा दिला. हा बापलेकाचा सीन मराठीत घडू शकत नाही का? तो रोज घडतोय, फक्त आपल्याकडे तो पोरगा बापाला बाजूला घेऊन सांगत नाही, एवढाच फरक.

आणि हे करायला कोट्यवधी लागतात असंही नाही. २०१८ चा सर्चिंग हा अमेरिकेतला पिच्चर, हरवलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला बाप शोधतो, सगळा पिच्चर कॉम्प्युटर आणि फोनच्या स्क्रीनवर. शूटिंग तेरा दिवसांत झालं, वेळ गेला तो एडिटिंगला. त्याच्याही आधी २०१५ ला टँजेरीन आयफोन ५एस वर शूट केला होता. ते लांबचं राहू दे, आपल्याच देशात, केरळमध्ये २०२० च्या लॉकडाऊनमध्ये महेश नारायणन आणि फहाद फाजिलनी सी यू सून काढला, फोनवर शूट करून, सगळी गोष्ट चॅट आणि व्हिडिओ कॉलवर. त्यांच्याकडेही थिएटर बंदच होती. मल्याळम सिनेमाचं कौतुक तुम्ही सगळे करता, मग त्यांच्यातली ही हिंमत पण घ्या ना.

तुम्हाला गोष्टी पाहिजेत ना, मी सांगते. एकही मुलाचं नाव न घेता सांगते कारण या कुणा एकाच्या नाहीत. आमच्याकडे हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडनं जास्त. त्यांच्याबरोबर पोरं येतात, शाळा अर्धी टाकून. पूर्वी ती पोरं आली की त्यांच्या गावच्या शाळेशी संबंध संपायचा. आता कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, एक फोन असतो, आणि त्या फोनवर गावच्या वर्गाचा ग्रुप असतो. तिकडं सहल चाललीय, गॅदरिंगची प्रॅक्टिस चाललीय, मैत्रीण नवीन ड्रेसमध्ये आहे, आणि ही पोरगी फडात मोळ्या बांधता बांधता ते बघतेय. पूर्वी न दिसणारं आता दिसतं. दिसणं हे सुख आहे का त्रास आहे हे मला अजून कळलं नाही, तुम्ही पिच्चर काढलात तर कदाचित कळेल.

दुसरी. मुलींचे फोन. आमच्याकडे मुलाला फोन मिळतो, मुलीला मिळतो तो आईच्या नावाचा, आणि तो रोज रात्री भाऊ चेक करतो. मग मुली काय करतात, कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं एक अ‍ॅप असतं, त्यात ठरलेला आकडा टाकला की आत गॅलरी उघडते. आत काय असतं असं वाटतं तुम्हाला? एका मुलीनं मला विश्वासानं दाखवलं होतं, तिचे स्वतःचेच फोटो होते. नुसते, हसतानाचे, केस मोकळे सोडलेले. एवढंच लपवायचं होतं तिला.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत हे होतं, मुलीच्या नावानं फेक आयडी निघतो किंवा तिनं एकालाच पाठवलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर जातो. आणि मग त्या स्क्रीनशॉटचं जे होतं ते बघायला पाहिजे. तो आधी मुलांच्या ग्रुपवर, मग मुलींच्या, मग कुणाच्या तरी मोठ्या भावाकडे, मग गावच्या एखाद्या मंडळाच्या ग्रुपवर, आणि संध्याकाळपर्यंत तो तिच्या चुलत्याच्या फोनमध्ये. मुलगी शाळेत यायची बंद होते. तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात होते. ज्याला मेसेज पाठवला तो मुलगा म्हणतो मी काढला नाही, आणि बऱ्याचदा तो खरं बोलत असतो, त्याचा फोन खेळायला घेतलेल्या मित्रानं काढलेला असतो, सहज. कुणीच खलनायक नाही आणि एका पोरीचं शिक्षण संपलं. प्रत्येक माणसानं फक्त फॉरवर्डचं बटण दाबलंय. या एका स्क्रीनशॉटच्या मागोमाग कॅमेरा गेला, एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये, प्रत्येक ठिकाणी कोण बसलंय, त्यानं तो का पुढे पाठवला, पाठवताना तो जेवत होता का गाडीवर होता, तर अख्खं गाव दिसेल, जात दिसेल, घरातली भांडणं दिसतील. एवढी ताकदीची पटकथा रोज महाराष्ट्रात तयार होतेय आणि तुम्ही विषय नाही म्हणता?

आता एआयबद्दल बोलते, कारण तुमच्या लाइनमध्ये सध्या त्याचीच चर्चा आहे. मला त्याची भीती नाही. पण किशोरवयीन मुलांच्या सिनेमाच्या बाबतीत मला दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्यात. एक म्हणजे मोठ्या नटाला सॉफ्टवेअरनं पंधरा वर्षांचं करायची सोय आता आहे, ती कृपा करून इकडे वापरू नका. रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती, सोमनाथ अवघडेला कुणी सिनेमात काम करणारा म्हणून ओळखत नव्हतं, फँड्रीसाठी त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या चेहऱ्यात जे होतं ते त्यांच्या वयातच होतं. तालुक्याच्या पोरांना सिनेमात शिरायचं हे एकच दार आहे, ते मशीननं बंद करू नका. भाषेचंही तेच. आमची पोरं विषय हार्ड म्हणतात, त्याच वाक्यात क्रिंज म्हणतात आणि त्याच वाक्यात शिवी घालतात, ती लय मशीनकडून लिहून घ्यायला गेलात तर पुण्यातल्या जाहिरातीतलं पोरगं बोलल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट कराराची. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी आपल्याकडे नियम आहेत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावानं ठेव म्हणून टाकायचे. चांगले नियम आहेत. पण ते सेटवरच्या पोराचे आहेत. त्याचा चेहरा आणि आवाज एकदा स्कॅन करून ठेवला तर ते पोरगं घरी गेल्यावर, मोठं झाल्यावर, त्या चेहऱ्याचं काय करायचं हे कोण ठरवणार? २०२३ ला हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते त्यात हा एक मोठा मुद्दा होता. आणि आपल्याकडे २०२५ ला रांझणा या हिंदी पिच्चरचा शेवट एआयनं बदलून तमिळमध्ये परत रिलीज केला, दिग्दर्शकाचा आणि धनुषचा विरोध असताना. धनुषला निदान जाहीर बोलता येतं. आमच्या गावच्या बारा वर्षांच्या पोराच्या बापानं इंग्रजी करारावर सही केली तर तो कुठे बोलणार? तेव्हा तुमच्या संघटनांनी, चित्रपट महामंडळानं बसून एक साधा मराठी करार तयार करा, मुलाचा चेहरा आणि आवाज त्या एका पिच्चरपुरताच, आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याची त्यानं परत संमती द्यायची. कायदा येईल तेव्हा येईल, तुम्हाला आजपासून करायला कुणी अडवलंय?

हे पिच्चर बघणार कोण, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, आणि तो रास्त आहे. आमच्या गावची टॉकीज बंद पडली, तिथं आता मंगल कार्यालय झालंय. जवळचं मल्टिप्लेक्स म्हणजे जाऊन-येऊन एसटी, तिकीट आणि खायचं धरून एका पोराला चारशेच्या खाली जमत नाही. म्हणून पोरं टेलिग्रामवर बघतात, पाच मिनिटांत अख्ख्या पिच्चरची स्टोरी सांगणारे व्हिडिओ बघतात. चोरीचं समर्थन मी करत नाही, सैराटच्या वेळी सेन्सॉरची कॉपीच फुटली होती आणि तेव्हा किती नुकसान झालं असेल ते मला कळतं, २०२३ ला कायदा कडक झाला ते बरंच झालं. पण नुसत्या कायद्यानं पोरगं थिएटरात येणार नाही. ते येतं कशासाठी? २०२५ च्या जुलैत सैयारा हा हिंदी पिच्चर आला तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरी सांगलीला जाऊन रडून आल्या. पैसे जमवले, घरी थापा मारल्या, गेल्या. नवीन चेहरे, मोठा स्टार नाही, सगळी जाहिरात रील्सवर पोरांनीच केली. म्हणजे पोरं येतात. त्यांना त्यांचं कुणीतरी दाखवा, मग येतात.

आणि जिथं ती येऊ शकत नाहीत तिथं तुम्ही या. जत्रेत तंबू लावून पिच्चर दाखवायची आपल्याकडे केवढी मोठी परंपरा होती. आज शाळेशाळेत स्मार्ट क्लासचा प्रोजेक्टर पडून आहे. २०२४ पासून सेन्सॉरनं यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे वेगळे शिक्के केलेत, म्हणजे तेरा ते सोळा हा वेगळा प्रेक्षक आहे हे सरकारनं मान्य केलंय, तुम्ही अजून केलं नाही. अमेरिकेत २०१८ ला एट्थ ग्रेड नावाचा पिच्चर आला, तेरा वर्षांच्या मुलीचा, तिच्या फोनचा, तिच्या मुरुमांचा. त्याला तिथं असं सर्टिफिकेट मिळालं की तेरा वर्षांच्या मुलीलाच तो एकटीनं बघता येईना. तर त्या कंपनीनं प्रत्येक राज्यात एक फुकट खेळ लावला आणि तिथं वयाची अट लावली नाही. प्रत्येक राज्यात. आपल्याकडे छत्तीस जिल्हे आहेत, जिल्ह्याला एक खेळ जमणार नाही का?

त्याच पिच्चरची अजून एक गोष्ट आहे जी तुमच्या लेखकांनी ऐकण्यासारखी आहे. दिग्दर्शकानं पटकथेत मुलांना फेसबुक वापरताना लिहिलं होतं. काम करणारी मुलगी, एल्सी फिशर, तिनं सांगितलं की आता फेसबुक कुणी वापरत नाही. त्यानं ऐकलं, इन्स्टाग्राम केलं, आणि तिचं ते वाक्यच पिच्चरमध्ये घेतलं. मोठ्या माणसानं लहान माणसाचं ऐकलं, एवढंच, पण त्यामुळे तो पिच्चर खरा झाला. आमच्या पोरांना एडिटिंग येतं हो. व्हीएन, इनशॉट, काइनमास्टर, कुणी शिकवलं नाही, सहलीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून ती तासाभरात असं रील कापतात की कुठे कट मारायचा हे त्यांना आतून कळतं. त्यांना विचारा. पटकथेचा कच्चा खर्डा वाचायला द्या. संवाद त्यांच्याकडून बोलून घ्या आणि मग लिहा. सहायक म्हणून एखादा घ्या, दहावी झालेला, सुट्टीतला.

माझं मागणं तुम्ही मनावर घेतलंत तर आमच्या शाळेत यायला कुठलीच अडचण नाही. मुख्याध्यापकांना एक पत्र द्या, पालकांची संमती मी घेते. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते, त्यानंतर पोरं थांबतात, त्यांना घरी जायची घाई नसते. डबा मी सांगून ठेवते. फक्त कॅमेरा पहिल्या दिवशी आणू नका आणि कुणाचा फोन बघायला मागू नका, दोन-तीन शनिवार नुसते येऊन बसा, मग ती स्वतःच दाखवतील.

आपली,
नववी-दहावीला मराठी शिकवणारी एक शिक्षिका